माघारी येता येतं का? एका खोऱ्यातल्या एसटी-मोजणीच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

कामाला आजपासून सुरुवात. वाहतुकीमुळे गाव राहण्याजोगं किती होतं, हे मोजायचं आहे. कागदावर विषय फार मोठा दिसतो, म्हणून आम्ही तो आमच्यापुरता लहान केला: कराडच्या पश्चिमेला सह्याद्रीकडे सरकत जाणारं एक खोरं, त्यातून जाणारा एक डांबरी रस्ता, रस्त्यावरची गावठाणं आणि दोन्ही अंगांच्या उतारावरच्या वाड्या. खोऱ्याचं, गावांचं, आगाराचं नाव नोंदीत घालायचं नाही असं ठरलं. गावाचं नाव आलं की बोलणं मोजणीवरून उठतं आणि 'आमच्याच गावाला का नाही' यावर जाऊन बसतं, असा आमच्या गटातल्या निवृत्त गुरुजींचा अनुभव.

आधी कोणी काय मोजलंय ते पाहिलं. २०११ च्या जनगणनेत गावनिहाय सुविधांच्या यादीत सार्वजनिक बससेवेचा रकाना आहे. उत्तर 'आहे' किंवा 'नाही'. नसेल तर जवळची बस ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० किलोमीटरवर की त्याहून लांब, एवढीच विचारणा. दिवसाला एकच गाडी येत असली तरी गाव 'आहे' मध्येच धरलं जातं. रस्त्यांची मोजणीही अशीच. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाटीवर ५०० आणि डोंगरी भागात २५० वा त्याहून जास्त लोकसंख्येच्या वस्त्या बारमाही रस्त्याने जोडायचं ठरवलं. जागतिक बँकेचा ग्रामीण संपर्काचा निर्देशांक बारमाही रस्त्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणारी माणसं मोजतो. दोन्हीकडे आमचं खोरं पास. रस्ता झाला ही लहान गोष्ट नव्हे. माझ्या आईच्या लहानपणी पावसाळ्यात ओढा उतरेपर्यंत पलीकडच्या वाडीची माणसं अडकून पडायची. पण त्या रस्त्यावरून माणसाला कधी जाता येतं आणि कधी परत येता येतं, हे यातल्या एकाही मोजणीत येत नाही.

पहिल्या बैठकीत अंगणवाडीच्या ताई जे बोलल्या ते इथे तसंच उतरवते, कारण पुढची सगळी मोजणी त्यावरच उभी राहील असं दिसतंय: "जायाला गाडी हाय की. पर काम हुईस्तवर माघारीची निघून जाती."

१६ जून २०२५

आज शाळा उघडल्या. पहाटेच्या पहिल्या गाडीला थांब्यावर जाऊन उभी राहिले. ही रात्रीची मुक्कामी गाडी, चालक-वाहक गावातच झोपलेले, त्यामुळे सुटते वेळेवर. मुक्कामी गाडीचं मोल शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. संध्याकाळी ती शेवटची माणसं घेऊन येते, सकाळी पहिली माणसं घेऊन जाते, आणि आगाराला पहाटे रिकामी गाडी एवढ्या लांब पाठवावी लागत नाही. गावाने दोघांना झोपायला कोरडी खोली, पाणी आणि शौचालय द्यायचं. आमच्याकडे ती खोली देवळाच्या आवारात आहे.

थांब्यावर निम्म्याहून जास्त मुलीच. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, मुलांना भाड्याच्या एक तृतीयांश पैशात. शिक्षण हक्काच्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी असं आहे. म्हणजे आठवीपर्यंत सरकारने अंतराची हमी घेतली. नववीपासून ती हमी संपते, आणि मुलीचं शिक्षण एसटीच्या वेळापत्रकावर येऊन थांबतं.

अकरावीला कला शाखा घेतलेल्या एका मुलीशी बोलले. दहावीला गणित-विज्ञानात चांगले मार्क होते. विज्ञान का नाही घेतलं विचारलं तर म्हणाली, "प्रॅक्टिकल सुटायला पाच वाजतात ताई. गाडी पाचला हाय. आर्ट्स साडेबाराला सुटतं." तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, तक्रारीचा सूरही नव्हता. मला मात्र दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. तिच्याकडे पास आहे, तिचं गाव रस्त्याने जोडलेलं आहे, तिने शाळाही सोडलेली नाही. प्रत्येक तक्त्यात ती व्यवस्थित आहे. तिची शाखा मात्र एका फेरीच्या वेळेने ठरवली.

२४ जून २०२५

आजचा दिवस चालण्यात. नकाशावर थांब्याभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढून आतली माणसं मोजायची, ही शहरांसाठी जगभर वापरली जाणारी रीत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही बसथांब्यासाठी हेच अंतर धरतात. इथे ते वर्तुळ कुचकामी आहे. वर्तुळाच्या आतलं घर कधी चढावर असतं, कधी ओढ्याच्या पलीकडे.

डोंगरात चालायच्या वेळेचा एक जुना हिशोब आहे, १८९२ सालचा, नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला वर एक तास. तो धडधाकट गिर्यारोहकासाठी आहे. डोक्यावर बाजाराचं ओझं असलेल्या बाईला किंवा गुडघे धरलेल्या आजोबांना तो लागू होत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की वाडीतल्याच माणसाबरोबर, त्याच्या चालीने, त्याच्या दारापासून थांब्यापर्यंत उतरायचं आणि परत चढायचं. उतरायचा वेळ वेगळा लिहायचा, चढायचा वेगळा.

हे दोन वेळ वेगळे लिहिल्यावर एक गोष्ट लगेच पुढे आली. जाताना माणूस ताजा असतो, हात मोकळे असतात आणि वाट उताराची. येताना दमलेला, ओझं घेतलेला, वाट चढाची, आणि वेळ अंधाराची. वाहतूक मोजणारा जवळजवळ प्रत्येक हिशोब एकाच दिशेचा असतो: घरापासून दवाखाना किती लांब, शाळा किती लांब. आमच्या खोऱ्यात अवघड बाजू दुसरी आहे.

६ जुलै २०२५

आषाढी. गाड्या पंढरपूरकडे, खोऱ्यातल्या फेऱ्या कमी. वारीला जाणारी माणसंही इथलीच, तेव्हा याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. तक्त्यात या आठवड्याचे आकडे घ्यायचे नाहीत, एवढी नोंद.

१५ जुलै २०२५

आगारात गेलो, गुरुजी आणि मी. वाहतूक नियंत्रक साहेबांनी वेळ दिला, चहा दिला आणि कागद उघडून दाखवले. त्यांच्याविषयी मनात आदर घेऊन बाहेर पडले. राज्यभरातला एसटीचा ताफा काही वर्षांपूर्वी १८ हजारांच्या आसपास होता, तो १५ हजारांच्या आसपास आलाय. आहे त्या गाड्यांत शाळा, बाजार, लांब पल्ला, जत्रा, लग्नं सगळं बसवायचं असतं. आणि त्यांना वरून दोनच आकडे विचारले जातात: भारमान आणि प्रति किलोमीटर उत्पन्न.

भारमान म्हणजे गाडीतल्या आसनांपैकी किती आसनं किती अंतरापर्यंत भरली, त्याचं शेकडा प्रमाण. ते फेरीगणिक निघतं. सकाळची जाणारी फेरी उभ्याने भरून जाते, तिचं भारमान उत्तम. दुपारची एक फेरी अर्धी. संध्याकाळची उशिराची फेरी रिकामीच म्हणायची. गाड्या कमी पडल्या की सगळ्यात कमी भारमानाची फेरी आधी बंद होणार, आणि त्या कागदाकडे बघून कोणीही तेच करेल.

मग पुढे काय होतं ते साहेबांनीच सांगितलं. उशिराची फेरी बंद झाली की काही महिन्यांत सकाळच्या फेरीची माणसंही घटतात. संध्याकाळी येता येत नाही म्हटल्यावर माणूस सकाळी जाईल कशाला? तो दुचाकीवर जातो, वडापने म्हणजे भरून सुटणाऱ्या जीपने जातो, तालुक्याला खोली घेतो, नाहीतर जातच नाही. मग सकाळच्या फेरीचं भारमान उतरतं आणि पुढच्या कपातीत तिचा नंबर लागतो. उशिराच्या फेरीत बसलेली मोजकी माणसं सकाळच्या भरलेल्या गाडीतली काही आसनं धरून ठेवत असतात. ती आसनं कागदावर सकाळच्या फेरीच्या नावे जमा होतात, संध्याकाळच्या नावे काहीच जमा होत नाही.

परत येताना गुरुजी म्हणाले, फेरी एकटी मोजायचीच नाही, जोडीनेच मोजायची. आमच्या प्रकल्पाचं सूत्र आज सापडलं असं मला वाटतं.

२ ऑगस्ट २०२५

सूत्र कागदावर मांडलं. प्रत्येक वाडीसाठी आणि प्रत्येक कामासाठी एक साखळी: दार, थांबा, गाडी, तालुक्याचा स्टँड, कामाची जागा, कामाला लागणारा वेळ, परत स्टँड, गाडी, थांबा, चढ, दार. साखळी दिवेलागणीच्या आत पूर्ण झाली तर हिरवा रंग. पूर्ण होते, पण त्यासाठी काहीतरी सोडावं लागतं, शेवटचा तास, औषध घेणं, नाहीतर दिवसाची मजुरी, तर पिवळा. होतच नाही तर लाल.

टॉर्स्टेन हेगरस्ट्रँड या स्वीडिश भूगोलतज्ज्ञांनी १९७० साली अशाच तऱ्हेची मांडणी केली होती. माणसाच्या हालचालीला तीन तऱ्हेचे बांध असतात असं त्यांचं म्हणणं: स्वतःच्या शरीराचे आणि साधनांचे, दुसऱ्या कोणाबरोबर एका वेळी एका जागी असण्याचे, आणि व्यवस्थेने ठरवलेल्या वेळांचे. आमच्या साखळीत तिन्ही आहेत. चढ हा पहिला. लेकरू शाळेतून यायच्या आत आईने घरी असणं हा दुसरा. तिसऱ्याचं उदाहरण तहसील कचेरी: २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्याच्या कार्यालयांचा पाच दिवसांचा आठवडा झाला आणि वेळ ९.४५ ते ६.१५ झाली. कागदावर कामाचा वेळ वाढला. पण वाढलेली बरीचशी वेळ संध्याकाळच्या टोकाला आहे, तेव्हा खोऱ्याची गाडी निघून गेलेली असते. आणि शनिवार गेल्यामुळे कॉलेजच्या मुलाला दाखल्यासाठी तास बुडवावाच लागतो.

दिवेलागण ही मर्यादा कोणत्याही नियमावलीतून घेतलेली नाही. प्रत्येक वाडीत विचारलं, "कुठवर घरी पोचायला पाहिजे?" उत्तर सगळीकडे एकच. उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे, वाटेला दिवे नाहीत. मुलीच्या बाबतीत तर घरचे एकदा-दोनदा वाट बघतात आणि मग शिक्षणच थांबवतात.

या मर्यादेतून एक गोष्ट निघाली, ती आधी आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हती. जूनमध्ये इथे सूर्य सातनंतर मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. वेळापत्रक तेच, वाडी तीच, मुलगी तीच, आणि जूनमध्ये हिरवा असलेला रंग नोव्हेंबरात लाल होतो. म्हणून तक्ते दोन करायचे, उन्हाळी आणि हिवाळी. निकाल हिवाळी तक्त्याचा धरायचा.

१२ ऑगस्ट २०२५

दवाखाना. या नोंदीला जागा जास्त लागणार.

डोंगरी भागात ३ हजार लोकसंख्येमागे उपकेंद्र, २० हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८० हजारांमागे ग्रामीण रुग्णालय, असे शासनाचे निकष. सपाटीवर हेच आकडे ५ हजार, ३० हजार आणि १ लाख २० हजार. म्हणजे डोंगर हा वेगळा धरावा लागतो हे आरोग्य खात्याने फार पूर्वी मान्य केलंय. रस्ता बांधताना डोंगर वेगळा धरतात, पण गाडीच्या फेऱ्यांसाठी असा डोंगरासाठीचा वेगळा निकष माझ्या वाचनात आलेला नाही.

आशाताईंबरोबर त्यांच्या वहीवरून एकेक माणूस आठवत बसलो. ताप-खोकला आरोग्य केंद्रात भागतो, तिथवर साखळी बहुतेक हिरवी. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या, तेही जमतं. अडतं ते तपासणीला. सकाळी पहिल्या गाडीने ग्रामीण रुग्णालयात जायचं, केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचं, डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, रक्त देईपर्यंत बारा वाजतात, रिपोर्ट दुपारी उशिरा. दुपारची गाडी धरली तर रिपोर्ट नाही. रिपोर्ट घेतला तर गाडी नाही. आशाताई म्हणाल्या, "माणसं रक्त देऊन येत्यात आन् रिपोर्ट तिथंच ऱ्हातोय. पुढच्या खेपेला डॉक्टर इचारत्यात, रिपोर्ट कुठंय?"

मग त्यांनीच एक गोष्ट लक्षात आणून दिली. बाळंतपणाच्या बाईला मात्र परत आणून सोडतात. खरं आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात नेणं, गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात हलवणं आणि नंतर घरी पोहोचवणं, तिन्ही मोफत आहे. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे आणि तिने कितीतरी जीव वाचवले आहेत, पण ती नेण्यासाठी आहे. साप चावलेला माणूस दोन दिवसांनी बरा होऊन बाहेर पडतो तेव्हा त्याचा घरी यायचा मार्ग त्याने शोधायचा.

मला हे फार मोलाचं वाटतं. माणसाला घरी पोहोचवणं हा सेवेचाच भाग आहे, हे शासनाने एका ठिकाणी लिहून, पैसे देऊन, चालवून दाखवलंय. आमच्या अहवालात हे उदाहरण पहिल्या पानावर घेणार.

२९ ऑगस्ट २०२५

गणपती. कोकणासाठी हजारो जादा गाड्या राज्यभरातून जातात, तशा इथूनही गेल्या. खोऱ्याची भिस्त वडापवर. म्हणून याच आठवड्यात वडाप मोजायचं ठरलं.

वडाप म्हणजे आमच्याकडची भरून सुटणारी जीप. टप्प्याटप्प्याने भाडं घेऊन माणसं नेण्याचा परवाना तिच्याकडे नसतो, आणि दारात मागेपुढे लटकलेली माणसं बघून जीव दडपतो. पण ती नसती तर खोरं थांबलं असतं, हेही तितकंच खरं. गटात वाद झाला: तक्त्यात वडाप धरायचं की नाही? मी धरायच्या बाजूची होते. माणसं ज्याने जातात ते मोजायचं नाही, तर मग काय मोजणार? शेवटी चालकांशी बोलून, त्यांच्या अड्ड्यावर बसून निर्णय झाला. वडापला वेळ नसते, ती भरल्यावर सुटते. सकाळी तालुक्याला जायला पटापट भरते. संध्याकाळी उतारू थोडे, मग तास तास थांबते आणि माणसं झाली नाहीत तर सुटतच नाही. तेव्हा जाण्याच्या बाजूला वडाप धरायचं, येण्याच्या बाजूला नाही. ज्या गाडीचा भरवसा संध्याकाळी नाही, तिच्यावर साखळीचं दुसरं टोक बांधता येत नाही.

१३ सप्टेंबर २०२५

बाजाराच्या दिवशी स्टँडवर बायकांशी गप्पा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत. याने खोऱ्यात काय बदललं, हे ऐकण्यासारखं आहे. पूर्वी घरातला एकच माणूस बाजाराला जायचा, तो बहुधा पुरुष. आता बायका स्वतः जातात, आपल्या वाफ्यातली भाजी, अंडी, रानातली करवंदं-आंबे आपण विकतात, पैसा आपल्या हातात घेतात. माहेरी जाणं वाढलं. जानेवारीत १४.९५ टक्क्यांनी भाडं वाढलं तेव्हाही अर्ध्या तिकिटाने त्यांना सावरलं.

एक मावशी म्हणाल्या, "तिकीट अर्धं झालं, ते बरं झालं. पर अर्धं तिकीट वडापवाला घेतोय व्हय?" सवलत एसटीची फेरी आहे तिथवरच. जाताना अर्धं तिकीट, येताना वडापचं पूर्ण भाडं, वर ओझ्याचे वेगळे. सवलतीचा खरा फायदा किती, हेही परतीच्या फेरीनेच ठरतं. सवलतीचा हिशोब करणारांनी हा आकडा काढायला हवा.

२६ सप्टेंबर २०२५

तक्ता भरून झाला. आता प्रश्न आला की एका वाडीला एकच गुण कसा द्यायचा. गटातल्या तरुण मुलांना सरासरी हवी होती. सरासरी काढली की यादी लावता येते, नकाशा रंगवता येतो. मी विरोधात. बाजार हिरवा, बँक हिरवी, आरोग्य केंद्र हिरवं, कॉलेज लाल: सरासरीत ही वाडी बरी दिसते. पण ज्या घरात सोळा वर्षांची मुलगी आहे, ते घर त्या लाल चौकोनामुळेच गाव सोडतं. घर सोडायला एकच कारण पुरतं. म्हणून वाडीची ओळख तिच्या सगळ्यात वाईट कामावरून द्यायची, आणि कामाचं नाव लिहायचं: 'कॉलेजसाठी लाल', 'रक्ततपासणीसाठी लाल'. नुसता आकडा द्यायचा नाही.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००९ साली शहरी वाहतुकीसाठी सेवास्तराचे निकष केले होते, तेही आज पुन्हा पाहिले. बसची सरासरी वाट ४ मिनिटांपर्यंत बघावी लागत असेल तर पहिला स्तर, १० मिनिटांच्या वर गेली तर चौथा, सगळ्यात खालचा. शहराला हे योग्यच आहे. तिथे एक गाडी गेली की दुसरी येते. इथे वाट बघणं मिनिटांत नसतंच. माणूस गाडीच्या वेळेवर येतो, आणि गाडी चुकली तर रात्र दुसऱ्याच्या घरी काढतो. शहरात वारंवारता मोजावी, खोऱ्यात जुळणी मोजावी, असं मी टिपणात लिहिलंय. गुरुजींनी त्याखाली रेघ ओढली.

१२ ऑक्टोबर २०२५

गांधी जयंतीला यंदा दसरा आला, म्हणून ग्रामसभा नंतर घेतली. तक्ता मोठ्या कागदावर रंगवून मारुतीच्या देवळात लावला होता. माणसं बराच वेळ आपापली वाडी शोधत उभी. रंग कोणाला समजावून सांगावे लागले नाहीत.

वाद मात्र झाला आणि तो व्हायलाच हवा होता. तक्त्यातून दिसत होतं की नवी फेरी न वाढवता, तालुक्याहून पाचला सुटणारी शेवटची गाडी चाळीस मिनिटं पुढे नेली तर कॉलेजचे बरेच लाल चौकोन बदलतात. मुलं खूश. पण वरच्या वाडीचे आजोबा उठले आणि म्हणाले, हिवाळ्यात मी अंधारात चढू का? त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर. आमच्याच हिवाळी तक्त्यात ते दिसत होतं: तीच चाळीस मिनिटं रस्त्याकडेच्या गावठाणाला हिरवी करतात आणि उंचावरच्या वाडीला लाल. एका गाडीने दोघांचं भागत नाही.

दीड तास चर्चा झाली. आशाताईंनी तोड काढली: शेवटची गाडी पुढे जाऊ दे, पण दुपारची जी अर्धी रिकामी फेरी आहे ती उशिरा करा, चारच्या पुढे. म्हातारी माणसं, बाजारच्या बायका, दवाखान्याची माणसं तिने येतील आणि उजेडात चढतील. दुपारी दोनपर्यंत तालुक्याला बहुतेकांचं काम संपत नाही, म्हणून ती गाडी अर्धी रिकामी येते. याच बरोबर वरच्या वाटेच्या दोन वळणांवर सौरदिवे पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बसवायचं ठरलं. दोन्ही ठराव मंजूर. मुक्कामी खोलीच्या छताची दुरुस्तीही त्यातच घेतली. गाडी उशिरा येणार तर चालक-वाहकांची झोप आपली जबाबदारी, असं सरपंचताई म्हणाल्या.

४ नोव्हेंबर २०२५

आगारात ठराव आणि तक्ता दिला. नियंत्रक साहेबांनी तो टेबलावर पसरला आणि बराच वेळ बोटाने रांगा बघत होते. मग अडचणी सांगितल्या, आणि त्या खऱ्या आहेत. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाचे कामाचे तास ८, आणि मधली विश्रांती धरून कामाचा पसारा १२ तासांच्या पुढे न्यायचा नाही. मुक्कामी गाडी चाळीस मिनिटं उशिरा पोहोचली तर सकाळच्या सुटण्याशी विश्रांतीचा मेळ घालावा लागतो. दुपारची फेरी उशिरा केली तर तीच गाडी पुढे दुसऱ्या खोऱ्यात जाते, तिथली माणसं काय म्हणतील?

या शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि आमच्या सोयीसाठी दुसऱ्या खोऱ्याचं नुकसान कोणालाच नको आहे. तेव्हा ठरलं की दुसऱ्या खोऱ्यातही हाच तक्ता करायचा. तिथल्या कॉलेजच्या मुलांना गुरुजी ओळखतात. पुढच्या आठवड्यात बैठक. शेवटच्या गाडीचा बदल मात्र दुसरं सत्र सुरू झाल्यावर प्रायोगिक तत्त्वावर करून बघू, असं साहेब म्हणाले. एक विनंती आम्ही लेखी दिली: प्रयोगाच्या काळात शेवटच्या फेरीचं भारमान एकटं बघू नका, सकाळच्या फेरीबरोबर एकत्र बघा. त्यांनी ती वाचली आणि फाइलला लावली.

येताना ग्रामीण रुग्णालयात गेलो. रक्ततपासणीची लाल रांग गाडीने पूर्ण सुटत नाही, चारच्या गाडीनेही नाही. पण साखळीतली एक कडी रुग्णालयाच्या हातात आहे. लांबच्या वाड्यांतून पहिल्या गाडीने येणाऱ्यांचं रक्त रांगेत आधी घेतलं तर रिपोर्ट दुपारीच मिळू शकतो. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, अशी माणसं ओळखायची कशी? गुरुजींनी खिशातून सकाळचं एसटीचं तिकीट काढून दाखवलं: मशीनच्या तिकिटावर चढल्याचं ठिकाण आणि वेळ छापलेली असते. त्यांनी प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञांना बोलावून घेतलं. सोमवारपासून केसपेपरच्या खिडकीवर तिकीट बघून कोपऱ्यात खूण करायची, असं ठरलं.

पुढचं काम: डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हिवाळी मोजणी पुन्हा करायची, वरच्या वाड्यांपासून. अकरावीच्या प्रवेशाच्या आधी, मे महिन्यात, दहावीच्या मुलींच्या घरी जायचं आणि कोणती शाखा घेणार ते विचारायचं. तक्त्याला हा नवा रकाना जोडला आहे.